पाण्याचं भिंग

चेंदणीत, कोळीवाड्याकडे उतरणाऱ्या गल्लीत माझं टेबल.
वर साठ वॅटचा दिवा, खाली पांढरं फडकं,
म्हणजे स्क्रू सांडला तर दिसतो.
त्यावर आज तिघे भाऊ उघडे पडलेत.

यांच्या आधी म्हणे पेटी होती.
साधाच कॅमेरा पितळेच्या पेटीत कोंडायचा,
पेटीला काच, काचेला वायसर,
आणि बाहेरून आत जाणारा प्रत्येक दांडा
म्हणजे पाण्याला धाडलेलं बोलावणं.
वाळिंबे मास्तर म्हणायचे,
नवरीला डोलीसकट विहिरीत सोडल्यासारखं.

मग कुणाला तरी सुचलं :
पेटी काढा. कॅमेराच पेटी करा.

हा थोरला. वीतभर, वजनाला वरवंटा.
मागे दार नाही. दार म्हणजे फट, फट म्हणजे खाडी.
आधी भिंग फिरवून काढायचं,
मग पट्ट्याच्या दोन कड्या कानासारख्या पिळायच्या,
की आतलं अख्खं यंत्र उचलून वर येतं,
शिंपल्यातून तिसरीचा गर यावा तसं.
दांडी एकच. दाबली की फोटो,
पुन्हा दाबली की फिल्म पुढे.
गारठून बधिर झालेल्या बोटांना
याहून जास्त काय सांगणार?

मधला तसाच. फक्त फिल्म गुंडाळायच्या खुंटीला
दुमडणारी दांडी आली.
एवढंसंच.
पण ज्यानं ओल्या हातानं खुंटी पिळलीय
त्याला विचारा, एवढंसं म्हणजे किती.

धाकट्याला आतून नीट दात फुटले,
चौकटी आता एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत.

त्याच्या नंतरच्याला दार बसवलं, पोटात सेल घातला.
तो माझ्याकडे येतो तेव्हा बहुधा गेलेलाच असतो.
एक थेंब, आणि तांब्यावर हिरवी बुरशी.
हे तिघे मात्र बुडाले तरी
नळाखाली आंघोळ घालते, पुसते, तेलाचं बोट लावते,
आणि ते टक् म्हणतात.

सगळं शेवटी येऊन थांबतं काळ्या रबरी कड्यावर.
बांगडीहून बारीक.
त्यावर डोक्याचा एक केस राहिला
तर समुद्राला तेवढा पूल पुरतो.

धाकटा हिरोजी नाखव्यांचा.
ते वाशीच्या पुलाच्या खांबांपाशी बुड्या मारायचे,
तडा कुठे, गंज कुठे, कालवं किती चढली.
खाडीत हातभर पुढचं दिसत नाही.
साहेबांच्या फायलीत त्यांचे फोटो
एकजात चहासारखे.

परवा नागूबाई तो घेऊन आल्या,
सुक्या बोंबलांसारखा कागदात गुंडाळून.
आत फिल्म होती. इतक्या वर्षांची. धुतली.

चौतीस चौकटी गाळ.
एकीत खांबावर रंगवलेला सतराचा आकडा
आणि शेजारी पंजा,
माप कळावं म्हणून टेकवलेला.
शेवटची धक्क्यावरची. काष्टा, डोक्यावर पाटी,
पाटीत माशांचा उजेड,
आणि चेहऱ्याच्या जागी धुकं.

मी समजवायला गेले :
बाई, हे भिंग पाण्यासाठीच घासलेलं,
पाणी धरूनच त्याचा हिशोब जुळतो.
हवेत त्याला कुणीच नीट दिसत नाही.
तुम्ही बुडी मारली असतीत
तर पापणीन् पापणी आली असती.

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला.
"सुक्यावर त्याला कवा काय धड दिसलाय?"
एवढंच म्हणाल्या. पदरानं फोटो पुसला.

पैसे मी रबराचेच घेतले.
निघताना त्यांनी कॅमेरा उचलला,
आपणहून मोरीकडे गेल्या,
नळ बारीक सोडला,
दांडीच्या बुडाशी, कड्यांच्या मागे,
मीसुद्धा विसरते अशा खाचेत अंगठा फिरवला,
दोनदा, गोड्या पाण्यानं.

मी बघत राहिले.
"रोज मीच धुवायची," त्या म्हणाल्या,
"तो जेवाय बसायचा."